फिल्म घे, सोपं असतं म्हणे!

"फिल्म घे गं, सोपं असतं. सिनेमे बघायचे आणि पेपर द्यायचा," असं आमच्या अपार्टमेंटमधल्या एका वहिनींनी सांगितलं आणि मी घेतलं. इथे मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलाही असो, जनरल एज्युकेशनचे कोर्स सगळ्यांना करावे लागतात, त्यातला हा एक. २०२५चा फॉल, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र, माझं पहिलंच सेमिस्टर. कराडला एफवाय बीएस्सीनंतर शिक्षण सुटलेलं, लग्न होऊन एच-४वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो) कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलेली, मध्ये चार वर्षं गेलेली. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पहिली दोन वर्षं इथे, मग पुढे युनिव्हर्सिटीत) नाव घातलं तेव्हा नवीन म्हणून रजिस्ट्रेशनची तारीख अगदी शेवटची मिळाली. ज्या वर्गात जागा दिसली ते तीन कोर्स उचलले: इंग्लिश, फिल्म आणि अमेरिकेचा इतिहास.

तिन्ही लिखाणाचे निघाले. फिल्मला दर आठवड्याला दोन पानं: कॅमेरा इथेच का ठेवला, उजेड कुठून येतोय, आवाज कधी बंद झाला. सिनेमाची गोष्ट सांगत बसलं की मार्क गेले. त्यात इंग्लिशचा निबंध, इतिहासाचं टिपण, आणि तिन्हींची मुदत रविवारी रात्री ११:५९. ऑक्टोबरनंतर रविवारी आमच्याकडे खिचडीशिवाय काही शिजलं नाही.

विषयाच्या नावावरून काही कळत नाही. त्या कोर्सचा एक आठवडा कसा जातो ते विचारा. वाचायची पानं किती, लिहायची किती, परीक्षा वर्गात की घरून. हे सगळं सिलॅबसमध्ये असतं. कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गावर तो बहुधा सेमिस्टरच्या तोंडावर दिसतो, पण प्राध्यापकांना ईमेल करून मागच्या वेळचा मागितला तर देतात. मला दोघींनी त्याच दिवशी पाठवला. हिशेब असा की तीन युनिटचा (इथलं क्रेडिटचं माप) कोर्स म्हणजे वर्गात तीन तास आणि घरी सहा, आठवड्याला एकूण नऊ. मी तीन घेतले होते, म्हणजे सत्तावीस तास. तेही ज्याचं इंग्रजी पळतं त्याचे. माझे पस्तीस व्हायचे.

आता हे जनरल एज्युकेशन काय प्रकरण आहे ते. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असा एकदा रस्ता धरला की बाकीच्यांशी संबंध संपतो. इथे अकाउंटिंग करणाऱ्यालाही दगड, चित्रं आणि भाषण करावं लागतं. २०२५च्या फॉलपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियात कॅल-गेट्सी नावाचा एकच साचा आहे: विषयांच्या ठरलेल्या खान्यांत मिळून ११ कोर्स, ३४ युनिट, प्रत्येकात किमान सी ग्रेड. तो पूर्ण केला की यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), दोन्हीकडे पहिल्या दोन वर्षांचं जनरल एज्युकेशन झालं असं धरतात. पण सायन्स किंवा इंजिनिअरिंगला जाणार असाल तर मेजरचे कोर्स आधी बघा. तिथे हा साचा पूर्ण करण्याच्या नादात कॅल्क्युलस मागे पडलं तर पंचाईत होते.

कुठे जायचंय ते ठरवा आणि उलटं मागे या. असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर आपलं कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी आणि मेजर टाकलं की कुठला कोर्स कशासाठी चालतो ते समोर येतं. मला सॅन होजे स्टेटला, म्हणजे सीएसयूतच, अकाउंटिंग करायचंय. त्यासाठी स्टॅटिस्टिक्स हवंच, आणि तेच गणिताच्या खान्यातही बसतं. एका दगडात दोन पक्षी. अमेरिकन गव्हर्न्मेंटचंही तसंच. सीएसयूच्या डिग्रीला अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना सक्तीची आहे, त्यातला राज्यघटनेचा भाग आणि सोशल सायन्सच्या खान्यातला एक कोर्स एकाच दमात भागतो. मात्र एक खड्डा आहे. सोशल सायन्सला दोन कोर्स लागतात आणि ते वेगवेगळ्या विषयांतले लागतात. कॉमर्सवाले मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स दोन्ही घेतात आणि खाना भरला म्हणून निर्धास्त होतात. तो अर्धाच भरलेला असतो.

एफवायच्या केमिस्ट्रीचा मला फार भरवसा होता. मार्कशीट इव्हॅल्युएशनला पाठवली, पैसे भरले. कॉलेज आपल्या स्वतःच्या डिग्रीसाठी ती युनिट विचारात घेऊ शकतं, पण कॅल-गेट्सीत परदेशातले कोर्स सहसा धरत नाहीत. एक संध्याकाळ रडले, मग जिऑलॉजी घेतलं.

आणि बरं झालं. तिसऱ्या लॅबला टेबलावर दहा दगड ठेवलेले. घासून बघा, ॲसिडचा थेंब टाका, भिंगातून बघा आणि नावं लिहा. चौथा काळा, जड, मध्ये बारीक भोकं, त्यात पांढरं काहीतरी भरलेलं. मी हात लावायच्या आधीच ओळखला. आमचा पाटा-वरवंटा याच दगडाचा! बसाल्ट. आमच्याकडचा सगळा सह्याद्री याचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुढे भूकंप आले. मास्तर इथल्या १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपाबद्दल बोलत होते आणि मला ११ डिसेंबर १९६७ची कोयनेची पहाट आठवत होती, म्हणजे आजीच्या तोंडून ऐकलेली: अंगणात आणलेल्या गाद्या आणि दाव्याला हिसके देणारी म्हैस. इंग्लिशला मला प्रत्येक निबंधावर "तुझं म्हणणं काय?" असा शेरा यायचा, कारण नवनीत वाचून वाढलेल्या माझ्या हाताला मुद्दे मांडायची सवय होती, बाजू घ्यायची नव्हती. जिऑलॉजीच्या पेपरात पहिल्यांदा माझं काहीतरी म्हणणं होतं. लॅबचं युनिट एक असलं तरी आठवड्याचे तीन तास जातात, एवढं धरून चला. काही कॉलेजांत लॅबचा कोर्स वेगळा असतो आणि तो घ्यायचाच राहून जातो.

एथनिक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्येतर समाजांचा अभ्यास, हेही सक्तीचं आहे. मी एशियन अमेरिकन घेतलं. भगतसिंग थिंड यांना १९२३मध्ये सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं ते तिथे वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या गदर पक्षाच्या धड्यात विष्णू गणेश पिंगळे भेटला. तळेगाव ढमढेऱ्याचा, इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत आलेला, १९१५मध्ये लाहोरला फाशी गेलेला. त्याचं नाव वर्गात मला एकटीलाच नीट उच्चारता येत होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झाला, आणि इथेच राहायचा इरादा कागदपत्रांनी दाखवता आला, तर एच-४वाल्यांना रहिवासी दर मिळू शकतो. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर तो मार्ग नाही, शिवाय सेमिस्टरला १२ युनिट घ्यावीच लागतात. वेळापत्रकात झीरो टेक्स्टबुक कॉस्टची खूण असलेले वर्ग आधी बघा, पुस्तकाचे दीडशे डॉलर वाचतात.

इंग्लिश मात्र पहिल्याच वर्षी उरका. क्रिटिकल थिंकिंगचा कोर्स त्याशिवाय मिळत नाही. आणि लिखाणाचा एक, आकड्यांचा एक, हाताने करायचा एक अशी भेळ करा. स्प्रिंगला, म्हणजे पुढच्या सत्राला, मी स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी आणि एशियन अमेरिकन घेतलं, रविवारी संध्याकाळी फिरायलाही गेले. पहिल्या आठवड्यात वर्ग झेपणार नाही असं वाटलं तर मुदतीच्या आत सोडा. पैसे परत मिळतात, ट्रान्सस्क्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याचा शेरा, लागत नाही. मी फिल्म तेव्हाच सोडायला हवं होतं, पण वर्ग मध्येच सोडणं म्हणजे नापास होणं असंच डोक्यात बसलेलं. मुदत उलटून गेली. सी मिळाला, कसाबसा.

आता फॉलला मायक्रोइकॉनॉमिक्स, गव्हर्न्मेंट आणि ज्याची मी वर्षभर टाळाटाळ केली ते पब्लिक स्पीकिंग. भाषणाचा विषय ठरलाय: गुऱ्हाळात उसाच्या रसाचा गूळ कसा होतो. सनीव्हेलच्या इंडियन स्टोअरमधून ढेप आणून वर्गात वाटायचीही आहे. वेटलिस्टवर तिसरी आहे मी, पहिल्या दिवशी दारात जाऊन उभी राहणार.