घर विकताना या चुका टाळा

अमळनेर-चोपडा पट्ट्यात बावीस वर्षं खरेदीखतं लिहितोय. खरेदी झाल्यावर भांडत परत येणारे लोक पैशांवरून फार कमी भांडतात. "हे आधी का नाही सांगितलं?" यावरूनच बोलणी फिसकटतात.

सर्वांत वाईट चूक म्हणजे भेगांवर पुट्टी भरून रंग मारणं. आपली जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, ती रंगाने थांबत नाही. एका आबांनी दिवाळीला घर रंगवलं, डिसेंबरात विकलं. एप्रिलात भेग त्याच जागी उघडली, बोट आत जाईल एवढी. शेजारी सहज बोलून गेला, ही तर तीन वर्षांपासूनची. घेणाऱ्या बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमले माहीत व्हतं ना, आबा?" आबा मान खाली घालून बसले. पाया बांधून घेण्याचा खर्च त्यांना द्यावा लागला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. खरेदीखत लिहिताना मीही आबांना काही विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं की घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष, घराचा असो वा मालकीचा, विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायचा. न सांगणं फसवणूक धरली जाते. आता मी रंग देण्याआधीचे फोटो मागतो आणि साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, लिहितो: "पूर्वेकडील भिंतीस भेग आहे, ती खरेदीदारास दाखविली आहे." भाव थोडा उतरतो. उतरू द्या.

दुसरी चूक बहिणींना वगळण्याची. वडील गेले, सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर फक्त भावांची नावं लागली, आणि "ती कुठे मागणार आहे, दर भाऊबीजेला येते" म्हणत घर विकायला काढतात. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. साध्या कागदावरची सही चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. बहीण समोर बसून बोलल्याशिवाय मी मसुद्याला हात लावत नाही.

घरावरचा पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा फिटला नसेल तर सांगा. कोर्टात दावा चालू असेल तर सांगा, त्याचा निकाल घेणाऱ्यावरही बंधनकारक होऊ शकतो. खरेदीच्या तारखेपर्यंतची घरपट्टी तुमची. पांझरा-गिरणेकाठी घर असेल तर पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते दाखवा.

नवे एजंट सांगतात, घर पावसाळ्यानंतर दाखवा, चांगलं दिसतं. त्यांना आठ दिवसांत दलाली हवी असते. मी मे महिन्यात दाखवायला सांगतो, भेगा उघड्या असताना, आणि बोअरची मोटर अर्धा तास चालू ठेवून.