मनगट प्लास्टरमध्ये असताना तबल्याचा रियाज कसा चालू ठेवावा

ओल्या फरशीवर पाय घसरला, माणूस पडताना हात टेकला, की मनगटाजवळचं हाड मोडतं. अस्थिभंगाचा हा फार नेहमीचा प्रकार आहे. साधारण चार ते सहा आठवडे प्लास्टर राहतं, हाड पुरेसं बळकट व्हायला तीनेक महिने लागतात आणि मनगटाचा ताठरपणा त्याहूनही जास्त दिवस रेंगाळतो. तबला वाजवणाऱ्याला हा काळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण तसं मानायचं कारण नाही. तबल्याची निम्मी विद्या तोंडात असते आणि उरलेल्यातली बरीचशी डग्ग्यावरच्या हातात. हे दोन्ही भाग एरवी मागे पडतात, कारण सगळा वेळ उजवा हातच खाऊन टाकतो.

पुढचं सगळं उजवं मनगट मोडलं आहे आणि उजव्या हाताने तबला, डाव्याने डग्गा अशी नेहमीची मांडणी आहे असं धरून लिहिलं आहे. डाव्या हाताबद्दल शेवटी थोडक्यात आहे. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिला आठवडा: डग्गा झाकूनच ठेवा

सुरुवातीला सूज उतरवणं हेच काम. हात छातीच्या पातळीच्या वर राहील असा उशीवर ठेवायचा, झोळीत दिवसभर लोंबकळू द्यायचा नाही. बोटांची मुळं प्लास्टरबाहेर मोकळी असतील तर डॉक्टरांना विचारून जागेपणी दर तासाला १० वेळा पूर्ण मूठ मिटून पूर्ण उघडायची आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. कोपर आणि खांदाही दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण फिरवायचे. बोटं एकदा आखडली की प्लास्टर निघाल्यावर मनगटाइतकाच वेळ बोटांवर घालवावा लागतो.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं, बोटं बधिर, निळसर किंवा पांढरी पडली, दुसऱ्याने बोट सरळ केल्यावर असह्य कळ आली किंवा प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

एक मोह इथेच मोडायला हवा. बोटं मोकळी दिसतात म्हणून मांडीवर, टेबलावर किंवा तबल्याच्या चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) हलकेच ‘तेटे’ टकटकवलं जातं. बोटं हलवणारे मोठे स्नायू पुढच्या हातात असतात आणि त्यांचे टेंडन मनगटावरूनच बोटांत जातात. त्यामुळे बोट नुसतं हलवणं चांगलं, पण आपटणं नको, कारण प्रत्येक आघात मोडलेल्या जागेपर्यंत पोचतो. प्लेट बसवली असेल तर मनगटाची हालचाल लवकर सुरू करतात, पण आघाताचा नियम तिथेही हाच.

दुसऱ्या आठवड्यापासून: पढंत (बोल तोंडाने म्हणणं)

टाळी देता येत नाही, म्हणून मात्रा डाव्या हाताच्या बोटांवर मोजा. अंगठा करंगळीच्या मुळाशी लावा. तीन पेरी आणि टोक मिळून एका बोटावर चार मात्रा होतात. करंगळी १ ते ४, अनामिका ५ ते ८, मधलं बोट ९ ते १२, तर्जनी १३ ते १६. तीनतालाचा प्रत्येक विभाग एकेका बोटावर बसतो आणि मधलं बोट आलं की खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची जागा) आली हे न मोजता कळतं. झपतालाला आणि रूपकाला ही सोय इतकी सुबक बसत नाही, तिथे विभागानुसार बोट बदला.

लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावा. मोबाईलवरचा असो की इलेक्ट्रॉनिक यंत्राचा, लय मिनिटाला ६० मात्रांच्या आसपास ठेवा. आधी नुसता ठेका (तालाचे ठरलेले बोल) बरोबरीत, मग दुगुन, तिगुन, चौगुन (दुप्पट, तिप्पट, चौपट लयीत). दुगुनीचं एक आवर्तन ८ मात्रांत संपतं, म्हणून समेवर (पहिल्या मात्रेवर) यायचं तर ते ९ व्या मात्रेपासून उचलायचं. चौगुन ४ मात्रांत संपते, ती १३ व्या मात्रेपासून. तिगुनीला ५ पूर्णांक १/३ मात्रा लागतात. म्हणजे ११ व्या मात्रेचे दोन भाग गेल्यावर तिसऱ्या भागावर ‘धा’ आला पाहिजे. ही जागा हाताने वाजवताना अनेकांची अंदाजाने निघून जाते, तोंडाने म्हणताना मात्र लपत नाही. तिगुन जमत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही दुगुनच म्हणून मध्ये श्वासाची फट टाकत असता. एका मात्रेत ‘धा-धिन्-धिन्’ अशी तीन सारखी अक्षरं बसवून, पुढे न जाता तेवढंच वीस-पंचवीस वेळा म्हणा.

मग कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करायची रचना) घ्या. दिल्लीचा सर्वपरिचित कायदा याला उत्तम आहे:

धा धा ते टे धा धा तिं ना
ता ता ते टे धा धा धिं ना

पलटा, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, करताना कायद्याबाहेरचा एकही बोल येऊ द्यायचा नाही आणि शेवट ‘तिंना’, ‘धिंना’ असाच ठेवायचा. पहिला पलटा असा:

धाधा तेटे धाधा तेटे धाधा तेटे धाधा तिंना
ताता तेटे ताता तेटे धाधा तेटे धाधा धिंना

पुढचे पलटे पाठ केलेले म्हणू नका. रोज दोन नवे स्वतः रचा, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लिहिता हातच प्लास्टरमध्ये असल्याने ही मुद्रणंच तुमची वही. ऐकताना तीन गोष्टी तपासा: लय लेहऱ्याच्या पुढे पळते का, ‘तेटे’ची दोन्ही अक्षरं सुटी ऐकू येतात का, आणि ‘ताता’ म्हणताना आवाजात खाली दिसते का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. ‘धा’मध्ये डग्ग्याचा भार आहे, ‘ता’मध्ये नाही, आणि पढंतीत तो फरक छातीतून आला पाहिजे. पं. सुरेश तळवलकरांच्या वादनात पढंतीला वादनाइतकंच मानाचं स्थान आहे. बोल तोंडातून कसा निघाला पाहिजे हे शिकायला त्यांचं एखादं एकल वादन याच दिवसांत, तबला समोर न घेता, नीट ऐकावं.

तिहाईचं, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायच्या तुकड्याचं, गणितही आत्ताच पक्कं करा. तीनतालात समेपासून पुढच्या समेपर्यंत, ती सम धरून, १७ मात्रा होतात. तिहाईचा तुकडा ५ मात्रांचा आणि मधला दम (थांबा) १ मात्रेचा घेतला तर ५ तिरिक १५ आणि २ दम, बरोबर १७. तुकडा ३ मात्रांचा असेल तर दम ४ मात्रांचा. खालीपासून उचलायची असेल तर हाती ९ मात्रा असतात. ‘तेटे कत धा’ हा तीन मात्रांचा तुकडा बेदम (मध्ये न थांबता) तीनदा म्हणा, तिसरा ‘धा’ समेवर पडेल. यावरून झपताल आणि रूपकाच्या तिहाया स्वतः काढा. परीक्षेला बसणाऱ्यांनी ताललिपीही (ताल लिहिण्याची पद्धत) याच वेळात संपवावी. भातखंडे पद्धतीत समेला गुणिलेचं चिन्ह आणि खालीला शून्य, तर पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिक चिन्ह. ही अदलाबदल पेपरात हमखास गुण घालवते.

डावा हात: डग्गा

सूज उतरून झोपेतली ठणक थांबली की डग्गा काढा. बसण्याची व्यवस्था आधी करा. पाठ भिंतीला, उजवा हात मांडीवरच्या उशीवर. दुसरा कोणी घरात असतानाच बैठक घाला, कारण मांडी सोडून उठताना उजवा हात आपोआप जमिनीवर टेकला जातो आणि त्यात पुन्हा इजा होते. शेजारी भक्कम खुर्ची ठेवून डाव्या हाताने तिचा आधार घेत उठा. हे जमत नसेल तर खुर्चीवर बसून डग्गा समोरच्या स्टुलावर चुंबळीत ठेवावा. थोडं अवघड वाटेल, पण सुरक्षित.

पहिला धडा आवाजाचा. मनगटाचा तळ लवेवर (चाट आणि शाई यांमधल्या भागावर), शाईच्या (काळ्या गोलाच्या) मागे, बोटं कमानीत. मधल्या बोटाने ‘घे’, मग तर्जनीने ‘गे’, एकाआड एक १६ मात्रा. दोन्ही आघात सारख्या वजनाचे ऐकू आले पाहिजेत. तर्जनीचा जवळजवळ सगळ्यांचा कमी पडतो. आस (आघातानंतरचा घुमारा) लगेच मरत असेल तर बोट पुडीवर राहून जातं आहे.

दुसरा धडा मींडेचा. एक ‘घे’ वाजवा आणि आस जिवंत असताना मनगटाचा तळ शाईकडे सरकवत चार मात्रांत सूर सावकाश चढवा. दाब खांद्यातून द्यायचा नाही, मनगटाच्या वजनातून द्यायचा. खांदा कानाकडे उचललेला दिसला तर थांबा.

तिसरा धडा सगळ्यात मोलाचा, आणि दोन्ही हात धड असताना तो कोणी करत नाही. तोंडाने पूर्ण ठेका म्हणायचा आणि डाव्या हाताने फक्त डग्ग्याचे बोल वाजवायचे. तीनतालात १ ते ९ डग्गा खुला, १० ते १३ बंद, १४ व्या मात्रेला ‘धिन्’वर पुन्हा खुला. झपतालात खुला १, ३, ४, ८ आणि ९ वर. रूपकात फक्त ४ आणि ६ वर, म्हणजे समेलाच डग्गा गप्प. रूपक इथे सगळ्यांनाच अडखळवतो. हे सहज जमलं की वरचा कायदा घ्या: तोंडात पूर्ण कायदा, डग्ग्यावर फक्त ‘धा’ आणि ‘धिं’.

वेळेची मर्यादा पाळा. एका बैठकीला २० मिनिटं, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, दिवसातून दोनदा. जेवण, आंघोळ, मोबाईल, पिशव्या अशी सगळी कामं सध्या डाव्या हातावर पडली आहेत, त्यामुळे तो आधीच दमलेला असतो. अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर दोन-तीन दिवस डग्गा बंद, पढंत चालू.

प्लास्टर निघाल्यावर

हात बारीक, कोरडा आणि ताठर झालेला असतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करा. तबल्याच्या दृष्टीने तळहात वर आणि खाली करण्याचा, म्हणजे पुढचा हात फिरवण्याचा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, कारण ‘तिरकिट’ आणि ‘धिरधिर’ त्यावरच चालतात. एक छोटी तपासणीही करत राहा. तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचला. हाड जागच्या जागी मोडलेलं असलं तरी अंगठा उचलणारं टेंडन काही आठवड्यांनी झिजून तुटू शकतं. अंगठा अचानक उचलेनासा झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

हाड जुळलं असं एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितलं आणि पाण्याने भरलेला पेला दुखल्याशिवाय उचलता येऊ लागला, की तबल्याकडे वळा. काहीजण आधी उशीवर वाजवायला सांगतात. तिथे धक्का कमी बसतो हे खरं, पण उशी बोट परत फेकत नाही, प्रत्येक वेळी हात स्वतः उचलावा लागतो आणि स्नायू लवकर थकतात. म्हणून उशीवर दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यापेक्षा मोठ्या तोंडाचा, उतरत्या सुराचा तबला बरा. तो चढ्या तबल्याइतका ताणलेला नसतो आणि आघात मऊ लागतो.

सुरुवात दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, मिनिटाला ५० मात्रांच्या लयीत. बोलांचा क्रम असा ठेवा: आधी ‘तू’ आणि हलका ‘तिं’, मग ‘तेटे’, मग चाटेवरचा ‘ना’, मग ‘तिरकिट’. ‘धिरधिर’ सगळ्यात शेवटी, कारण त्यात अख्खा पंजा पडतो आणि मनगट वेगाने फिरतं. तिथपर्यंत पोचायला तबला सुरू केल्यापासून दोन-तीन महिने लागले तरी घाबरू नका. वेळ, लय आणि जोर यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वाजवल्यानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उरलं तर आधीच्या पायरीवर परत या. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवणं सर्वांत घातक, कारण थांबायचं कधी हे सांगणारी एकमेव खूण तीच बंद करते.

तबला सुरात मिळवायला या काळात दुसऱ्याची मदत घ्या. हातोडीचा गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) आणि गठ्ठ्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) बसणारा प्रत्येक घाव मनगटात परत येतो, आणि हे ‘ना’ वाजवण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे. डग्ग्याची पिशवीही दुसऱ्यानेच उचलायची.

डावं मनगट मोडलं असेल तर

पढंतीचा भाग तसाच, फक्त मात्रा उजव्या बोटांवर. तबल्यावर उजव्या हाताने ‘तेटे’ आणि ‘तिरकिट’ यांची स्वच्छता करा. परतताना मात्र क्रम बदलतो. डग्ग्यावर मनगट टेकून दाब द्यायचा असल्याने खुले ‘घे’ आधी येतात आणि मींड सगळ्यात शेवटी. सुरुवातीचे काही आठवडे मनगट लवेवर नुसतं ठेवायचं, सरकवायचं नाही.

पहिला कार्यक्रम

कथ्थकची साथ किंवा सतारीचा ‘झाला’ (शेवटचा वेगवान भाग) घेऊन परतू नका. मध्य लयीतल्या भजनाची किंवा अभंगाची अर्ध्या तासाची साथ घ्या. मुख्य कलाकाराला आधीच सांगून ठेवा की लग्गी (द्रुत लयीतले भरणीचे बोल) मर्यादित असेल आणि द्रुत लय वाढवू नये. मंचावर जाण्यापूर्वी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार हॉलमध्ये बाह्या खाली असू द्या, आणि तबला मिळवून देणारा माणूस शेवटपर्यंत शेजारी बसलेला असू द्या, कारण सूर मध्येच उतरला तर हातोडी त्यालाच घ्यावी लागेल.