जुन्या वर्गमित्रांशी पुन्हा संपर्क साधताना: पहिला संदेश, खुशालीपत्र आणि यादी

महाविद्यालय सोडून वीस-पंचवीस वर्षे झाली की जुन्या वर्गमित्रांना गाठावे असे बहुतेकांना वाटू लागते, आणि 'इतक्या वर्षांनी आता काय म्हणून लिहायचे' या एका संकोचापायी ती इच्छा मनातच राहते. लारा अ‍ॅक्निन आणि गिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा संकोच स्पष्ट दिसला. जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, त्यालाही आनंद होईल अशी खात्री आहे, त्याचा संपर्क क्रमांक हाताशी आहे आणि संदेश लिहायला मुद्दाम वेळही दिला आहे, इतके सगळे जुळून आल्यावरही एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी प्रत्यक्ष संदेश पाठवला. याच अभ्यासातला उपयोगाचा भाग असा, की ज्यांनी आधी काही मिनिटे आपल्या सध्याच्या मित्रांना संदेश पाठवून हात मोकळा केला, त्यांच्यापैकी जुन्या मित्राला लिहिणाऱ्यांचे प्रमाण बरेच वाढले. म्हणून पहिली सूचना हीच, की ज्यांच्याशी नित्य बोलणे होते अशा दोन-तीन जणांना आज चार ओळी लिहाव्यात आणि त्याच बैठकीत, फोन खाली न ठेवता, जुन्या मित्राचा संदेश लिहायला घ्यावा.

सुरुवात गटापासून करू नये, एका व्यक्तीपासून करावी, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. आमच्या वर्गाची यादी मी गेली काही वर्षे सांभाळते. सर्वांना एकदम पाठवलेल्या निरोपाला येणारी उत्तरे आणि एकेकाला स्वतंत्रपणे लिहिलेल्या पत्राला येणारी उत्तरे यांत फार मोठे अंतर असते. सर्वांना उद्देशून लिहिलेला मजकूर कुणालाच आपल्यासाठी लिहिलेला वाटत नाही. पहिल्या संदेशात चार गोष्टी असाव्यात: आपण कोण, हे हजेरीपटावरच्या जुन्या नावासह, त्या व्यक्तीशी जोडलेली एक नेमकी आठवण, आपल्या सध्याच्या आयुष्याविषयी एखादी ओळ, आणि एका वाक्यात उत्तर देता येईल असा एक प्रश्न. यांपैकी आठवण सर्वांत महत्त्वाची, कारण 'ते दिवस किती छान होते' हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकते.

मी स्वतः लिहिलेला असा एक संदेश येथे देते, तो तयार असूनही तीन आठवडे माझ्याकडेच पडून होता. 'वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला खिडकीजवळच्या टेबलावर मी तुझ्या शेजारी असायचे. खोडाचे छेद मला कधीच पातळ जमत नसत आणि सॅफ्रनीन घातले की सगळे लालच दिसे; तू तुझा एक छेद न बोलता माझ्या स्लाइडवर ठेवायचीस. परवा मुलगी सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल पाहत होती, तेव्हा ते आठवले. मी सध्या शिकवते. तू अजून चित्रे काढतेस का? सवडीने लिही, घाई नाही.' तासाभरात उत्तर आले आणि त्याची पहिली ओळ होती, 'हे कुणाच्या लक्षात असेल असे मला वाटलेच नव्हते.' अनपेक्षितपणे झालेली विचारपूस समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा अधिक भावते, हा निष्कर्ष पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली मांडला होता. मला तो त्या एका ओळीने पटला.

पहिल्याच संदेशात कोणतीही मागणी करू नये. विमा, नोकरी, देणगी, मुलाच्या प्रवेशासाठी शब्द टाकणे, यांपैकी काही पाहिजे असेल तर ते गोड बोलण्याच्या शेवटी जोडण्याऐवजी आरंभीच सरळ सांगावे, म्हणजे समोरच्याला फसवले गेल्याची भावना होत नाही. आणखी एक अडचण आपल्या भाषेतलीच आहे. ज्याला एके काळी अरे-तुरे केले, तो आता मोठ्या पदावर असेल किंवा जी अबोल वर्गभगिनी होती तिच्याशी त्या वेळीही फारसे बोलणे झाले नसेल, तर 'तू' लिहावे की 'तुम्ही', या विचारातच कित्येक संदेश अडकतात. जिच्याशी किंवा ज्याच्याशी 'तू'चे नाते होते तेथे 'तू'च लिहावे, कारण 'तुम्ही' म्हणताच मधली वर्षे भिंतीसारखी उभी राहतात. जेथे तसे नाते नव्हते तेथे 'तुम्ही'ने आरंभ करून पुढचे समोरच्यावर सोपवावे.

माणसे शोधताना अनेकांचे आडनाव बदललेले असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. विशेषतः विवाहानंतर नाव बदललेल्या वर्गमैत्रिणी समाजमाध्यमांवर जुन्या नावाने सापडत नाहीत, आणि त्यामुळे कित्येक वर्गांच्या गटांत मुलांची संख्या भरपूर व मुलींची नगण्य राहते. निरोपाच्या वेळच्या समूहछायाचित्रामागे लिहिलेली नावे, वार्षिकांक आणि प्रात्यक्षिकाच्या तुकड्यांच्या याद्या येथे उपयोगी पडतात. एक मैत्रीण सापडली की तिच्या वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणी तिच्यामार्फत सापडतात. मात्र कुणाचाही क्रमांक तिसऱ्याला परस्पर देऊ नये. 'अमुक व्यक्ती तुझी चौकशी करत आहे, क्रमांक देऊ का?' असे आधी विचारावे, आणि नकार आला तर कारण विचारू नये.

आता खुशालीपत्राविषयी, म्हणजे वर्गातल्या सर्वांची हालहवाल एकत्र करून सर्वांना पाठवण्याविषयी. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या विल्यम्स महाविद्यालयात माजी विद्यार्थ्यांची संघटना १८२१ साली स्थापन झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक १९०० साली सुरू झाले. त्यात प्रत्येक वर्गाच्या बातम्या त्या वर्गाचा चिटणीस गोळा करून लिहितो. हार्वर्डमध्ये दर पाच वर्षांनी वर्गमित्रांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तांताचे पुस्तक निघते. या पद्धतीतल्या दोन गोष्टी जरूर घ्याव्यात: काम एका ठरावीक व्यक्तीकडे असणे आणि दोन अंकांत पुरेसे अंतर असणे. दर महिन्याला सांगण्यासारखे कुणाकडे फारसे नसते, पाच वर्षांत मात्र प्रत्येकाचे काही ना काही घडलेले असते.

मजकूर मागवताना कोणते प्रश्न विचारायचे, याचा मात्र फार काळजीपूर्वक विचार व्हायला हवा. पहिल्या वेळी मी जो तक्ता पाठवला, त्यात हुद्दा, कंपनी, जोडीदाराचे नाव, मुले किती व काय करतात, असे रकाने होते. साठांपैकी बावीस जणांनी तो भरून पाठवला, आणि त्या बावीस जणांचे सगळे रकाने भरलेले होते. ज्याची नोकरी गेली होती, जिचा संसार मोडला होता, ज्यांना मूल नव्हते किंवा ज्यांनी लग्नच केले नव्हते, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात फक्त रिकाम्या चौकटी होत्या. आणि रिकाम्या चौकटी घेऊन वर्गासमोर कोण येईल? पुढच्या वेळी मी तीनच प्रश्न ठेवले. सध्या तुझा दिवस कसा जातो? गेल्या काही वर्षांत तू नवे काय शिकलास किंवा कशात रमलास? वर्गातल्या कुणाला काही सांगायचे आहे का? या वेळी एकेचाळीस पत्रे आली. एकाने आजारी वडिलांची शुश्रूषा करण्यासाठी काम सोडल्याचे आणि रोज सकाळी त्यांची दाढी करताना दोघे कसे गप्पा मारतात याचे वर्णन लिहिले. तो आदल्या वेळी गप्प राहिलेल्यांपैकीच होता.

स्वतःचा वृत्तांत लिहिताना दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. नोकरीच्या अर्जासोबत जोडतात तसा परिचय येथे नको. बढत्या आणि पुरस्कारांची यादी वाचून वाचणारा मोजमाप करू लागतो आणि मनाने दूर जातो. यश जरूर सांगावे, पण एकच, आणि त्यामागचे कष्ट किंवा अडखळणे यांसह. दुःखाची बातमी सांगायची की नाही, हे सर्वस्वी लिहिणाऱ्याने ठरवावे. मात्र संकलकाने छापण्यापूर्वी 'हा भाग सर्वांना कळला तर चालेल ना?' असे त्या व्यक्तीला पुन्हा एकदा विचारावे, कारण रात्री मोकळेपणाने लिहिलेले सकाळी नकोसे वाटू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट या सगळ्यानंतर करावा. एका गटात १,०२४ सदस्य मावतात, त्यामुळे जागेची अडचण नसते. लोकांना परस्पर गटात घालण्यापेक्षा आमंत्रणाचा दुवा पाठवावा, दोन-तीन प्रशासक नेमावेत, पुढे ढकललेले संदेश आणि राजकीय वाद यांना गटात स्थान नाही हे वर्णनातच लिहून ठेवावे. स्नेहमेळाव्याची तारीख किमान सहा महिने आधी ठरवावी आणि छातीवरच्या नावाच्या चिठ्ठीवर महाविद्यालयातले नाव ठळक व आताचे नाव त्याखाली लिहावे.

निधनाच्या वार्तेबाबत कधीही घाई करू नये. आमच्या यादीत मी एका वर्गमित्राच्या नावाआधी 'कै.' लिहिले होते. दोघांनी सांगितले, मी विश्वास ठेवला. तो हयात होता, त्याच नावाचा दुसऱ्या तुकडीतला विद्यार्थी गेला होता, आणि ही चूक त्याच्या पत्नीच्या वाचनात आली. मी फोन करून क्षमा मागितली, त्यांनी ती दिलीही, पण तो फोन मी विसरलेले नाही. तेव्हापासून कुटुंबातल्या व्यक्तीशी स्वतः बोलल्याशिवाय आणि त्यांची अनुमती घेतल्याशिवाय अशी नोंद मी करत नाही.

काही जण उत्तर देणार नाहीत. त्यांना वर्षभराने आणखी एकदा लिहावे आणि मग थांबावे. यादीत प्रत्येक नावापुढे 'शेवटचा संपर्क' असा एक रकाना ठेवावा आणि ज्यांनी 'संपर्क नको' असे कळवले असेल त्यांची तशी नोंद करावी, म्हणजे यादी पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तरी त्यांना पुन्हा त्रास होत नाही. उत्तर न देणाऱ्यांचे नाव मात्र खोडू नये. आमच्या यादीतल्या अशा एका नावाचे पत्र सात वर्षांनी आले, त्यात पहिल्या संदेशातल्या प्रश्नाचे उत्तर होते.