हेअर ट्रान्सप्लांट झालंय? मग या चुका टाळा, आणि दुसऱ्या महिन्यात आरशापासून लांब राहा

माझं ट्रान्सप्लांट होऊन चौदा महिने झाले. एफयूई, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट एकेक करून काढून टकलावर लावायची पद्धत. साधारण 2400 ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचललेले केसांचे तेवढे बारीक पुंजके, बहुतेक पुढच्या हेअरलाइनला आणि थोडे मागे भोवऱ्यावर. आता ओळखीतलं कुणीही करून आलं की मला फोन येतो आणि फिरून फिरून प्रश्न एकच, अरे लावलेले केस गळतायत, पैसे बुडाले का?

नाही बुडाले. लावलेले केस गळतातच, बहुतेकांचे गळतात, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून ते दुसऱ्या महिन्यापर्यंत. मूळ एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलं की त्याला धक्का बसतो आणि ते विश्रांतीला जातं, वरचा केस सोडून देतं, पण मूळ आत जिवंत असतं. नवीन केस यायला तिसरा-चौथा महिना उजाडतो. त्यातही आजूबाजूचे तुमचे स्वतःचे केससुद्धा काही दिवस गळू शकतात, त्याला शॉक लॉस म्हणतात, म्हणजे दुसऱ्या महिन्यात माणूस ऑपरेशनच्या आधी होता त्यापेक्षाही टकला दिसतो. मी नेमका तेव्हाच रात्री दोन वाजता बाथरूमच्या पांढऱ्या ट्यूबखाली उभा राहून फोटो काढत बसायचो. ही सगळ्यात मोठी चूक, कारण मग माणूस घाबरून काहीतरी करायला जातो, कुणी कांद्याचा रस लावतं, कुणी डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचं चाक, फिरवतं. फोटो काढायचाच तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, कोरड्या केसांचा.

आता पहिले दहा दिवस, कारण खरं नुकसान करायची संधी तेवढीच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजतं आणि सूज खाली डोळ्यांपर्यंत उतरते, भूल देताना टोचलेलं पाणीच ते. माझा एक डोळा जवळजवळ मिटला होता आणि आई म्हणाली कुठे मार खाऊन आलास. दोन-तीन दिवसांत उतरते. बर्फ लावायचा तर कपाळाला, ग्राफ्टवर अजिबात नाही. झोपताना दोन-तीन उशा, पाठीवर, डोकं उंच.

चौथ्या दिवशी मी गाडीत बसताना डोकं दरवाजाच्या वरच्या कडेला आपटलं. एक थेंब रक्त आलं आणि माझे पाय लटपटले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, स्वच्छ गॉज दहा मिनिटं हलकं दाबून धर, चोळू नकोस. हे लक्षात ठेवा, सुरुवातीच्या दिवसांत ग्राफ्ट निघाला तर सहसा रक्त येतं. पुढे खपलीबरोबर केस निघाला आणि रक्त नाही, तर तो नुसता केस गेला, मूळ आतच आहे, टोकाला पांढरा ठिपका दिसला तरी. दहाएक दिवसांनी ग्राफ्ट चांगले धरतात, मग तेवढं भ्यायचं कारण नाही.

पण भीतीने उलटी चूकही होते. माझ्या एका मित्राने ग्राफ्ट निघतील म्हणून पंधरा दिवस डोकंच धुतलं नाही. खपल्यांचा थर बसला, खाज सुटली, झोपेत नखं लागली, वास यायला लागला तो वेगळाच. क्लिनिकने सांगितलं की ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी धुवायला सुरुवात करायची, शॅम्पूचा फेस हाताने नुसता ठेवायचा, शॉवरचा जोर नको, मगने कोमट पाणी सोडायचं. दहा ते चौदा दिवसांत खपल्या आपोआप सुटतात. नखाने काढायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी.

तेल. इथे घरच्यांशी भांडण ठरलेलं. आई पाचव्या दिवशी खोबरेल कोमट करून वाटी घेऊन उभी, म्हणे डोकं किती कोरडं पडलंय. तिला म्हटलं आई, आत्ता ही हजारो बारीक जखमा आहेत, डोकं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तेल, हळद, कोरफड काही नाही.

तारीख घेताना घरातली लग्नं बघा. मी बघितली नाहीत आणि बाराव्या दिवशी चुलतभावाचं लग्न निघालं. फेटेवाला काका कापड असं करकचून ओढायचे की कवटीच आवळली जावी, मी हात जोडून नको म्हटलं, तर आत्या रुसली. घट्ट फेटा, टोपी, हेल्मेट, सगळं डॉक्टरांना विचारून. आणि बिनहेल्मेटची टू-व्हीलर हा त्यावरचा उपाय नाही हं, तेवढे दिवस रिक्षाने जा. जिम, पोहणं, कडक ऊन, सिगारेट यांनाही सुट्टी. सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन मुळांना नेमकं रक्तच हवं असतं.

पुढची चूक सहा महिन्यांनी दिसते. केस आले की लोक केसगळती रोखणारी औषधं बंद करतात. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी दाखवलं की केस जिथून उचलला तिथलाच स्वभाव घेऊन येतो, म्हणून मागचे केस पुढे लावले तरी टिकतात. पण पुढे जे तुमचे जुने केस उरलेत ते गळणाऱ्या जातीचेच आहेत. ते गेले की लावलेल्या केसांचं एक बेट उरतं, लांबून ओळखू येतं. फिनास्टेराइड किंवा मिनॉक्सिडिल ही गळती रोखायची औषधं घ्यायची का, कधी सुरू करायचं, साइड इफेक्ट काय, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला, लाजू नका, आणि मनाने बंद करू नका.

बारीकसारीक बाकी. मागची बाजू काही आठवडे, कधी काही महिने बधिर वाटते, कंगवा फिरवला तरी दुसऱ्याच्या डोक्यावर फिरतोय असं. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात पुटकुळ्या येतात, बरेचदा नवीन केस कातडीखाली अडकल्यामुळे, फोडू नका, कोमट कापडाने शेका. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, पू आला, ताप आला किंवा कातडी काळपट पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं नाही.

पहिले केस येतात ते बारीक, कुरळे, बाळाच्या जावळासारखे, आणि एका बाजूला आधी. सहाव्या महिन्यात साधारण निम्मं चित्र, वर्षाला बऱ्यापैकी पूर्ण. भोवरा सगळ्यात आळशी, त्याला दीड वर्षसुद्धा लागतं. माझा अजून विरळच आहे, पुढचा फोटो एक तारखेला, त्याच खिडकीपाशी.