पद सुरू झालं की नाटक थांबतं: संगीत नाटक बसवू पाहणाऱ्या नव्या दिग्दर्शकांसाठी

दोन-चार एकांकिका बसवलेला दिग्दर्शक संगीत नाटकाकडे वळला की पहिल्याच आठवड्यात अडतो. संवादांच्या हालचाली भराभर सुचतात, पण पद आलं की गाणारा मधोमध उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. चार मिनिटं मैफल होते, मग पुन्हा नाटक सुरू होतं. प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा या गोष्टी गद्य नाटकातही शिकता येतात. संगीत नाटकाच्या दिग्दर्शकाला वेगळं शिकायचं ते याच चार मिनिटांत.

कोल्हापुरात हे शिकण्याची सोय आहे, तशी अडचणही. हे गायक-नट केशवराव भोसल्यांचं आणि पेटीवादक-संगीतकार गोविंदराव टेंब्यांचं गाव. अल्लादिया खाँ इथे दरबारगायक होते. त्यामुळे चांगला गाणारा शोधायला फार फिरावं लागत नाही आणि प्रेक्षकांतही सूर ओळखणारे कान असतात. पण हेच प्रेक्षक गाणं रंगलं की बाकी सगळं माफ करतात. टाळ्या मिळाल्या म्हणजे प्रवेश बसला, असं नव्या दिग्दर्शकाला वाटू लागतं आणि तिथेच त्याची वाढ खुंटते.

म्हणून पहिलं नाटक स्वतः बसवू नका. एखाद्या हौशी संस्थेत प्रॉम्प्टर किंवा सहायक म्हणून एक पूर्ण नाटक काढा. सहायकाचं खरं काम म्हणजे दिग्दर्शनाची प्रत ठेवणं. संहितेचं एक पान डावीकडे, समोर कोरं पान. ऑपेरात सहायक दिग्दर्शक हालचाली स्वरलिपीच्या प्रतीत नोंदवतो, कारण तिथे कुठल्या शब्दाला कोणता स्वर आणि किती वेळ हे संगीतकाराने लिहून ठेवलेलं असतं. आपल्याकडे चाल ठरलेली, विस्तार मोकळा. तेव्हा नोंद आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेऱ्यात करायची. तीनतालाच्या सोळा मात्रा मिनिटाला १६० च्या लयीत असतील तर एक आवर्तन ६ सेकंदांचं होतं. चार मिनिटांचं पद म्हणजे ४० आवर्तनं. मध्यम आकाराच्या रंगमंचाचा निम्मा भाग सावकाश ओलांडायला साधारण एक आवर्तन लागतं. ‘अंतऱ्याची दुसरी ओळ, दुसरं आवर्तन, समेवर (पहिल्या मात्रेवर) बसते’ अशी नोंद असली की पुढच्या तालमीत वाद होत नाहीत. नुसतं ‘गाताना उजवीकडे जाते’ असं लिहिलं तर दर वेळी वेगळं घडतं.

स्वतःचं पहिलं काम अख्खं नाटक नको. पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक प्रवेश घ्या, त्यात तीन किंवा चार पदं. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदं आहेत. आज ती सगळी कोणी घेत नाही, घेऊही नयेत. पद गाळताना ते किती लोकप्रिय आहे हे पाहण्याआधी पुढचा संवाद त्यातल्या कुठल्या ओळीला उत्तर देतो ते पाहा. ती ओळ गेली तर संवाद अधांतरी राहतो. बहुतेक ठिकाणी ध्रुवपद आणि एक अंतरा पुरतो.

हक्कांचं आधीच बघा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि चालीचा हक्क संगीतकाराकडे वेगळा असतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, टेंबे १९५५ मध्ये. त्यांचं मूळ लेखन आणि चाली मोकळ्या आहेत. नाटककार विद्याधर गोखल्यांच्या नाटकांना किंवा संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींना लेखी परवानगी लागते. नवी रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली संहिता) कोणी केली असेल तर तिचाही हक्क वेगळा. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पात्रनिवडीत चेहऱ्याआधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या सुराला ‘सा’ धरून गातो ते, विचारा. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल तर मोठी सोय होते. काळी एकला लावलेला तबला तिच्यासाठी मध्यमाचा (‘म’चा) ठरतो, एकाच जोडीवर काम भागतं. पण तिचं पद भूपातलं असेल तर रागात मध्यमच नाही. मग पंचमाचा (‘प’चा), म्हणजे काळी दोनचा तबला हवा. तो दोन पदांच्या मधल्या संवादात लावून मिळणार नाही. दुसरी जोडी आणा, नाहीतर पदांचा क्रम तपासा. द्वंद्वगीत असेल तर दोघांना एका पट्टीत गाववून बघितल्याशिवाय भूमिका जाहीर करू नका. नंतर बदल करायला गेलात तर रुसवेफुगवे सुरू होतात.

तालमीचा पहिला आठवडा पेटीशिवाय. पदं गद्यात, संवादासारखी म्हणवून घ्या. गायक नटांना हे आवडत नाही, तरी सोडू नका. पात्राला समोरच्याकडून काय हवंय आणि कोणत्या ओळीवर त्याचा डाव बदलतो, हे इथेच कळतं. ‘सौभद्रा’त कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढतो. गातो कृष्ण, पण प्रवेश चालतो रुक्मिणीवर. ती पहिल्या ओळीलाच हसली तर पुढची तीन मिनिटं कृष्णाला काही काम उरत नाही. तिचा राग तीन पायऱ्यांत उतरू द्या: आधी पाठ फिरवलेली, मग मान वळते, मग हात सोडवून घेत नाही. प्रत्येक पायरी कोणत्या समेवर, हे तिला माहीत हवं. पदात न गाणाऱ्या नटाचीच तालीम जास्त घ्यावी लागते. गाणाऱ्याला जमतील अशाच हालचाली द्या. पायऱ्या चढून लगेच तान नको, आणि मान खाली घालून बसवाल तर आवाज दबतो. मुकुट किंवा फेटा कानावर आला तर सूर ऐकू येत नाही, म्हणून गाणाऱ्याला तो आठ-दहा दिवस आधीच घालायला द्या.

पदात शिरण्याची जागा हा सगळ्यात नाजूक सांधा. ऑर्गनवाला शेवटच्या वाक्याखाली सूर धरतो. लवकर धरला तर ‘आता गाणं’ हे प्रेक्षकाला आधीच कळतं आणि वाक्य वाया जातं. उशीर झाला तर नट सूर शोधत थांबतो. कोणत्या शब्दाखाली सूर यायचा तो शब्द साथीदाराच्या प्रतीत लाल पेनाने खुणावून ठेवा.

तानांचा हिशेब पहिल्या दिवशीच करा. दहा पदांत प्रत्येकी दोन मिनिटं वाढली तर प्रयोग वीस मिनिटांनी लांबतो, आणि स्पर्धेत वेळेची मर्यादा असते. बुजुर्ग गायकाशी ‘तान कमी करा’ असं बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्याऐवजी ‘आठ आवर्तनांत पत्र तिच्या हातात पडतं, तेवढ्यात काय ते करा’ असं सांगा. कामाचं कारण दिलं की बहुतेक बुवा ऐकतात. वन्समोअर घ्यायचा की नाही, हेही आधी ठरवा. घ्यायचा असेल तर इतर पात्रं कुठल्या स्थितीत परत जातील याची तालीम हवी.

प्रयोगाच्या जागेची चौकशी आधी करा. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागली. इतर सभागृहांत काम करण्याची तयारी ठेवावीच लागते. व्याख्यानासाठी बांधलेल्या सभागृहात विंगेची खोली, दिव्यांचे पाइप, वादकांची जागा यांपैकी काहीतरी कमी असतंच. टेप घेऊन स्वतः मोजा. ऑर्गन-तबला रंगमंचापुढे, प्रेक्षकांच्या बाजूला बसवा आणि तबलजीला गाणाऱ्याचे ओठ दिसतात का ते त्याच्या जागी बसून पाहा. अंधाराच्या प्रवेशात त्यांच्या प्रतीवरचा दिवा रंगमंचावर सांडतो, त्याला पुठ्ठ्याचा आडोसा लावा. खालचे माईक लेव्हलवरच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावरच्या) पावलांचा धपधपाट उचलतात. लेव्हलवर जाजम टाका. कॉलर माईक दागिन्यांवर घासतो, तेव्हा तो पूर्ण दागिने घालूनच तपासायचा. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याच्या पुडीचा (कातड्याचा) सूर उतरतो, दिव्यांच्या उष्णतेने चढतो. दिवे लावून अर्धा तास झाल्यावर तबला पुन्हा लावायला वेळ द्या.

पैशाबद्दल स्पष्टच सांगायचं तर हौशी संगीत नाटकावर घर चालत नाही. शाळांची स्नेहसंमेलनं, युवा महोत्सवातल्या एकांकिका, नाट्यशिबिरं यांवर पहिली वर्षं निघतात. रीतसर शिकायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग गावातच आहे. पुण्यात ललित कला केंद्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर नाट्यप्रयोगांतल्या सहभागाचे पुरावे लागतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाची माहितीपत्रिका, प्रमाणपत्र आणि चार चांगले फोटो पहिल्यापासून एका फायलीत ठेवा. दिग्दर्शनाची प्रतही त्यातच लावा. मुलाखतीत ‘हा प्रवेश असा का बसवला’ असं विचारलं की दाखवायला तीच कामी येते.