कुटाराच्या पाण्यातली अक्कल

पॅरामेशियम हा एकाच पेशीचा जीव पाहायला कॉलेजची लॅब लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी मूठभर गव्हाचं कुटार उकळून गार केलं, त्यात नाल्याच्या साचलेल्या पाण्याचे चार चमचे टाकले आणि बरणी गोठ्यात ठेवली. आठवडाभरात पाणी कुबटलं. बरणी उजेडाला धरली की पांढरे ठिपके सरकताना दिसायचे. एक ठिपका म्हणजे एक पेशी, पाव मिलिमीटरच्या आसपास.

बीएस्सीचं दुसरं वर्ष होतं. तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोप होते, पण जिवंत असं काही नव्हतं. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या स्लाइडी. पॅरामेशियम पळतो फार, नजरेत ठरत नाही. सर म्हणाले, थेंबात कापसाचे दोन-चार धागे पसर, अडकेल. कापसाला काय तोटा, भाव वाढायची वाट पाहत घरात खोलीभर पडला होता. सरकीवरचा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते, अडीच-तीन सेंटिमीटर लांब, हेही त्याच दिवशी कळलं. जन्मभर कापूस वेचणाऱ्या आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग म्या आतापावतर कितीक येचल्या असतीन रे बाप्पा!"

पॅरामेशियम धाग्याला धडकला. मागे सरकला, तोंड जरासं वळवलं, पुन्हा पुढे. पुन्हा धडक. पाचव्या खेपेला फट सापडली आणि निघून गेला. मी जर्नलमध्ये लिहिलं, "पॅरामेशियम विचार करून वाट शोधतो." व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्या वाक्यावर बोट ठेवलं : "विचार? कशावरून?" मला काही सुचलं नाही. मार्क गेले ते गेलेच.

उत्तर नंतर वाचून मिळालं. धडक बसली की पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, अंगावरच्या केसांमधली दारं उघडून कॅल्शियम आत शिरतं, आणि केस उलटे वल्हवू लागतात. कॅल्शियम बाहेर फेकलं गेलं की पुन्हा सुलट. १९७० च्या दशकात चिंग कुंग या शास्त्रज्ञांनी मागे सरकूच न शकणारे पॅरामेशियम वेगळे काढले. त्यांना नाव दिलं बुद्धिबळातल्या प्याद्याचं, कारण प्यादं मागे जात नाही. एका जनुकात बिघाड झाला की ही कॅल्शियमची दारं चालत नाहीत, आणि माझा तो 'विचार' संपला!

म्हणून पेशीविज्ञानाला येणाऱ्यांना माझं सांगणं : पुस्तकात 'पेशी ओळखते', 'पेशी ठरवते' असं आलं की खाली रेघ मारा आणि कोणता रेणू, कोणतं दार, ते बिघडवलं तर काय होतं, हे शोधा. मुलाखतीत हेच विचारतात. पण 'सगळं नुसतं यंत्र आहे' असंही ठोकून देऊ नका, मी एकदा तेही करून बसलोय. १९०६ साली हर्बर्ट जेनिंग्ज या प्राणिशास्त्रज्ञांनी स्टेंटर या एकपेशीय जीवावर रंगाची पूड पुन्हा पुन्हा सोडल्याचं वर्णन केलं. तो आधी वाकतो, मग केस उलटे फिरवतो, मग आक्रसतो, शेवटी जागा सोडून जातो. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने प्लास्टिकचे सूक्ष्म मणी वापरून पाहिलं, तर असा चढता क्रम खरंच दिसला. त्याला काय म्हणायचं यावर भांडण चालूच आहे, आणि मला ते भांडण आवडतं.

प्याद्याची गोष्ट मी मोठ्या तोऱ्यात आबांना ऐकवली. आबा शेगावचे वारकरी. शांतपणे म्हणाले, "सारं बराबर. पन ते दार कोनं बसवलं?" त्यांचं म्हणणं, गाडगं आहे म्हणजे कुंभार असणारच. विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूंनी १८०२ मध्ये घड्याळाचा दाखला देऊन हेच मांडलं होतं. मी म्हटलं, गाडग्याला गाडगी होत नाहीत. पेशीला पेशी होतात, आणि नक्कल करताना अधूनमधून थोडं चुकतं. चुकलेल्यातलं जे निभतं ते टिकतं. आमच्या भागात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा दुसरा घटक येतो, एवढाच फरक. हा दोष एकाच पालकाकडून आला तर गंभीर मलेरियापासून आडोसा मिळतो, दोघांकडून आला तर जन्माचं दुखणं. असं कोणता कारागीर मुद्दाम करील?

आबा गप्प बसले. वाद मी जिंकलो म्हणून नव्हे. शेजारच्या घरातलं पोर त्याच दुखण्याने त्या आठवड्यात दवाखान्यात होतं. 'कोणं बसवलं' याला धरून मला आजवर एकही प्रयोग आखता आलेला नाही, 'कसं चालतं' याला धरून मात्र एमएस्सी निघाली.

बरणीला झाकण घट्ट लावू नका, फडकं बांधा, नाहीतर हवेवाचून सगळे मरतात. आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका. वास येतो, आणि घरचे उकिरड्यावर ओततात. माझ्या दोन गेल्या.