आपल्या भागात ब्रुसेलोसिस किती जणांना, हे कसं काढायचं

ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार. हॉस्पिटलच्या नोंदींवरून त्याचा आकडा काढायला जाऊ नका. ताप येतो-जातो, रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर धरते. अशा रुग्णाला टायफॉइडची नाहीतर क्षयाची औषधं सुरू होतात आणि ब्रुसेलोसिसचं नाव कागदावर येतच नाही. रक्ताचे नमुने गोळा करावेच लागतात.

कुणाचे, यावर सगळं ठरतं. नुसते पशुवैद्य, गुराखी आणि कत्तलखान्यातले कामगार तपासलेत तर टक्का फुगतो. तो सगळ्यांना लावणं चूकच. घरं चिठ्ठ्या टाकून निवडा, जोखमीच्या कामातली माणसं वेगळी मोजा. प्रत्येकाला विचारा: कच्चं दूध पिता का? जनावर गाभडलं तेव्हा वार उघड्या हाताने काढली का? हा दुसरा प्रश्न मी कधीच गाळत नाही.

मग रोझ बेंगॉल चाचणी, म्हणजे रक्तात या जिवाणूविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत का ते दाखवणारी. पांढऱ्या टाइलवर रक्तद्रव (सीरम) आणि गुलाबी अँटिजेन (मारलेल्या ब्रुसेला जिवाणूंचं रंगवलेलं द्रावण) सारख्याच मापाने घ्या, काडीने मिसळा, 4 मिनिटं टाइल हलवत राहा. बारीक कण जमले की पॉझिटिव्ह. उशिरा वाचू नका; थेंब सुकताना कडेला फसवे कण दिसतात. येर्सिनिया या दुसऱ्याच जिवाणूच्या एका प्रकारामुळेही चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून एलायझा या प्रयोगशाळेतल्या अँटीबॉडी चाचणीने पुन्हा पडताळा.

पॉझिटिव्ह म्हणजे आजारी असं अहवालात लिहू नका. जुन्या संसर्गाच्या अँटीबॉडी महिनोन्महिने रक्तात राहतात. ताप असलेल्याला मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. औषधं साधारण 6 आठवडे चालतात, मध्येच सोडली तर आजार उलटतो.